कारवी की टोपली कारवी? आधी देठ बघा

पावसाळा सरत आला की साताऱ्याच्या कास पठारावरचे फोटो फिरायला लागतात आणि खाली हमखास ओळ असते: ‘सात वर्षांनी फुलणारी कारवी’. फोटोत बहुतेक वेळा असते टोपली कारवी. दोघी अबोली-अडुळशाच्या कुळातल्या, स्ट्रोबिलँथिस या एकाच प्रजातीच्या, म्हणून गल्लत साहजिक आहे.

फुलावर जाल तर फसाल. रंग दोघींचा निळा-जांभळाच. पान बघा. कारवीच्या पानाला चांगला लांब देठ, पान खरखरीत, काठाला बारीक दाते आणि शिरा ठसठशीत. टोपलीच्या पानाला देठ जवळजवळ नाहीच. समोरासमोरची पानं थेट खोडाला टेकलेली, अंगावर लव. झुडूप फुलावर नसलं तरी ही खूण चुकत नाही.

उंचीचा फरक तर लांबूनही कळतो. कारवी पुरुषभर, कधी दुप्पट. टोपली फार तर गुडघ्याएवढी, पालथ्या टोपलीसारखी गोल. तिला ‘कारवीचं लहान रोप’ म्हणणारेही भेटतात, पण ती पूर्ण वाढून तेवढीच राहते.

खरा न्याय मातीचा आहे. कास साधारण १,२०० मीटरवर, खाली जांभा. उघड्या कातळावर, जिथे माती बोटभरही नाही, तिथे या दोघींपैकी कुणीच नसते. ती जागा सीतेची आसवं आणि दवबिंदू या चिमुकल्या वनस्पतींची. गवतात माती जरा धरली की टोपली. पठार संपून उतार लागला, माती साठली, की कारवीचं रान, माणूस सहज घुसणार नाही इतकं दाट. तिच्याच काठ्यांचे कूड शेणमातीने लिंपून सह्याद्रीतल्या कित्येक घरांच्या भिंती झाल्या. टोपलीच्या आखूड फांद्यांचा तसा उपयोग नाही.

सात वर्षांचा हिशेबही दोघींचा सारखा पाळला जात नाही. कारवीचा डोंगरच्या डोंगर एकदम फुलतो, बी धरतो आणि वाळून मरतो. बोंडं वाळक्या काठ्यांवर तशीच राहतात आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींनी तडतड फुटतात. टोपलीचा मोठा बहर सात वर्षांनी येतो खरा, पण मधल्या वर्षांतही एखाददुसरं झुडूप फुललेलं दिसतं. तेवढ्यावर ‘यंदा बहर’ म्हणून गाडी काढू नये.

आणि ‘नीलकुरिंजी’ हे नाव दोघींनाही लावू नका. ती मुन्नारकडची, १२ वर्षांनी फुलणारी. तिचा तिथला मोठा बहर २०१८ मध्ये होता.