अमेरिकी कॉलेजांच्या अर्जात खासगी आयुष्य कसं शिरलं

अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजात प्रवेश मिळवायच्या मागे लागलेल्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो: अभ्यास कर, पण स्वतःसाठीही थोडा वेळ ठेव. सल्ल्यात काही वावगं नाही. गोची अशी की, त्या ‘स्वतःच्या’ वेळेचाही हिशेब तिथे अर्जातच द्यावा लागतो. तिथली हजाराहून अधिक कॉलेजं ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ नावाचा एकच सामायिक अर्ज स्वीकारतात. अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी त्यात दहा नोंदींची जागा आहे. प्रत्येक नोंदीत काय केलं ते 150 अक्षरांत सांगायचं, शब्दांमधली मोकळी जागासुद्धा त्यातच मोजली जाते. शिवाय दोन आकडे भरायचे: आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे. पियानो, फुटबॉल, शनिवारची समाजसेवा, दुकानातली अर्धवेळ नोकरी, सगळं याच साच्यात बसवायचं. जगायचं एका पारड्यात आणि अर्ज दुसऱ्या पारड्यात, असं इथे मुळी नाहीच. दोन्ही पारडी प्रवेश अधिकाऱ्याच्याच टेबलावर आहेत.

हा प्रकार काही कॉलेजांमधली गर्दी वाढल्यामुळे आपोआप झालेला नाही. तो ठरवून आणला गेला, आणि ज्या कारणासाठी आणला गेला ते फारसं शोभादायक नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात बहुतेक जुन्या कॉलेजांची आपापली प्रवेश परीक्षा असे. लॅटिन, ग्रीक, गणित असे विषय. उत्तीर्ण झालात की आत. एखाद्या विषयात कच्चे राहिलात तरी तो नंतर पुरा करायच्या अटीवर घेत. मुलगा संध्याकाळी काय करतो, सुट्टीत कुठे जातो, याच्याशी कॉलेजला देणंघेणं नसे. अर्थात ग्रीक शिकवणाऱ्या महागड्या खासगी शाळा परवडणारीच मुलं मुळात तिथवर पोचत, त्यामुळे चाळण कॉलेजच्या दाराशी नसून फार आधीच लागलेली असे. 1900 मध्ये ‘कॉलेज बोर्ड’ स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याची पहिली सामायिक परीक्षा झाली. ती 973 मुलांनी दिली. हळूहळू जुन्या भाषांची सक्तीही सैल होत गेली आणि सरकारी शाळांतली हुशार मुलं या दरवाजाशी येऊ लागली.

त्यांत मोठा वाटा होता पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांचा. 1922 च्या सुमारास हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ज्यू विद्यार्थी पाचातल्या एकाहून जास्त झाले होते. अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल यांनी त्यावर सरळ मर्यादा घालायचा विचार मांडला. त्याचा गवगवा झाला, अध्यापकांच्या समितीपुढे प्रकरण गेलं आणि 1923 मध्ये समितीनं उघड कोट्याला नकार दिला. दरम्यान अर्जात एक नवा प्रश्न दाखल झाला होता: जन्मापासून तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का? सविस्तर खुलासा करावा. आडनाव बदलून घेतलेल्यांना हुडकण्यासाठीच तो होता, हे सांगायला नको. 1926 मध्ये पहिल्या वर्षाच्या जागा हजारावर बांधल्या गेल्या, आणि निवडीत मार्कांच्या बरोबरीनं ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’ अशा गोष्टींना वजन आलं. अर्जाला फोटो चिकटवायचा, शिक्षकांची पत्रं जोडायची, मुलाखत द्यायची. कोलंबिया विद्यापीठानं हेच थोडं आधी केलं होतं, येल आणि प्रिन्स्टननं आपापल्या परीनं.

गुणांवर मुलगा नाकारता येत नसेल तर असं काहीतरी मोजायचं, ज्याचं माप फक्त आपल्याच हातात असेल. खेळाडू, रुबाबदार, चारचौघांत मिसळणारा मुलगा ‘आपल्यातला’ वाटे. पुस्तकात डोकं घालून बसणारा वाटत नसे. आज ‘विद्यार्थ्याकडे नुसते मार्क म्हणून नव्हे, माणूस म्हणून पाहतो’ असं प्रत्येक कॉलेज अभिमानानं सांगतं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण या वाक्याचा जन्मदाखला कुणी वाचत नाही, हेही खरं.

याच पद्धतीचा पुढे अगदी उलट उपयोगही झाला. 1978 मध्ये अ‍ॅलन बाकी नावाच्या अर्जदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉवेल यांनी वंशावर आधारित राखीव जागा नामंजूर केल्या, पण हार्वर्डसारखा सगळ्या बाजूंनी विचार करून, त्यात वंश हा एक घटक धरायला हरकत नाही म्हटलं. बाहेर ठेवण्यासाठी घडवलेलं हत्यार अशा रीतीनं आत घेण्याच्या कामी आलं, आणि म्हणूनच ते टिकलंही.

मधल्या काळात परीक्षेनं हे सगळं मोडीत काढायला हवं होतं. कॉलेज बोर्डाची ‘एसएटी’ ही नवी सामायिक चाचणी पहिल्यांदा 23 जून 1926 रोजी झाली, सुमारे आठ हजार मुलांनी दिली. 1933 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेले जेम्स कॉनंट यांना तीत लांबच्या गावांतली, ओळखीपाळखी नसलेली गुणी मुलं शोधायचा मार्ग दिसला. शिष्यवृत्त्यांसाठी तिचा वापर सुरू झाला, महायुद्धानंतर ती सर्रास झाली. पण ती आल्यानं आधीचं काही गेलं नाही. परीक्षा, शिफारशी, मुलाखत, खेळ, थर एकावर एक चढत गेले. कोचिंगही फार मागे नव्हतं: ब्रुकलिनच्या स्टॅन्ली कॅपलाननं 1946 मध्येच एसएटीची शिकवणी सुरू केली होती, आणि या परीक्षेची तयारी करून घेता येत नाही असं कॉलेज बोर्ड त्यानंतरही कित्येक वर्षं सांगत राहिलं.

तरीही पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक मुलं घराजवळच्या एखाद-दोन कॉलेजांत अर्ज करून मोकळी होत. 1975 मध्ये पंधरा कॉलेजांनी मिळून सामायिक अर्ज काढला, 1998 मध्ये तो ऑनलाइन आला. दहाव्या कॉलेजला अर्ज करायला आता फक्त शुल्क आणि थोडं जागरण पुरतं. 1983 मध्ये ‘यू. एस. न्यूज’नं कॉलेजांची क्रमवारी छापायला सुरुवात केली. त्या क्रमवारीत पुढे अनेक वर्षं अर्जदारांपैकी किती जणांना नाकारलं यालाही गुण होते. म्हणजे जास्त अर्ज मागवून जास्त मुलं नाकारणं कॉलेजच्या फायद्याचं झालं. 2021 मध्ये हार्वर्डकडे 57 हजारांवर अर्ज आले, प्रवेश मिळाला 1,968 जणांना.

हे आकडे वाचून सगळीकडेच असं असेल असं वाटतं. अर्थतज्ज्ञ कॅरोलिन हॉक्सबी यांनी 2009 मध्ये 1962 पासूनचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की प्रवेश खरोखर अवघड झाला तो वरच्या दहाएक टक्के कॉलेजांत. निम्म्याहून अधिक कॉलेजांत उलट तो सोपा झाला होता. प्रवास आणि फोन स्वस्त झाले, देशभरातली हुशार मुलं त्याच मूठभर ठिकाणी रांग लावू लागली, असं त्यांचं स्पष्टीकरण.

त्या रांगेत आईबापही उभे आहेत. गॅरी आणि व्हॅलरी रॅमी या अर्थतज्ज्ञ दांपत्यानं 2010 मध्ये दाखवलं की नव्वदच्या दशकापासून अमेरिकेतल्या पदवीधर माता मुलांसाठी आठवड्याला नऊ तासांहून जास्त वेळ अधिक देऊ लागल्या होत्या. बराचसा वेळ मोठ्या मुलांना क्लास, मॅच, तालीम इथून तिथे पोचवण्यात जाणारा. शेजारच्या कॅनडात, जिथे कॉलेजांची उतरंड एवढी तीव्र नाही, तशी वाढ दिसली नाही. कारणमीमांसेवर वाद होऊ शकतो. पण घरातली संध्याकाळ कुणी खाल्ली याचा एवढा थेट पुरावा दुसरा मी पाहिलेला नाही.

कॉलेजांना हे कळत नव्हतं असं नाही. 2000 च्या सुमारास हार्वर्डच्या प्रवेश अधिकाऱ्यांनीच लेख लिहून मुलं थकून येतात, एखादं वर्ष सुट्टी घ्या, असं सुचवलं. एमआयटीच्या प्रवेशप्रमुख मेरिली जोन्स यांनी अर्जातल्या उपक्रमांच्या ओळी कमी केल्या, ताण कमी करा म्हणून देशभर भाषणं दिली. 2007 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं, कारण नोकरीला लागताना त्यांनी स्वतःच्याच पदव्या खोट्या सांगितल्या होत्या. 2016 मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून निघालेल्या अहवालानं उपक्रमांच्या संख्येपेक्षा त्यांतल्या गुंतवणुकीला मोल द्या म्हटलं, आणि घरात भावंडं सांभाळणाऱ्या मुलांचं कामही धरा असा आग्रह केला. मागणी रास्तच होती. सामायिक अर्जातल्या उपक्रमांच्या प्रकारांत आता ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आहेत. आजीला सांभाळल्याचेही आठवड्याला किती तास, ते भरायचं.

2018 मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या अहवालानं किशोरवयीन मुलांच्या मनाला घातक ठरणाऱ्या परिस्थितींत गरिबी, आघात आणि भेदभावाच्या ओळीत पुढे राहण्याचा अतिरेकी दबावही बसवला. पुढच्याच मार्चमध्ये ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरण फुटलं. रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन मुलांना कागदोपत्री खेळाडू बनवत होता. काहींचे चेहरे खऱ्या खेळाडूंच्या फोटोंवर चिकटवले होते. मार्क विकत घेता येतात हे जुनंच. इथे बालपणच विकत घेतलं गेलं.

29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. मात्र वंशामुळे आयुष्यात काय सोसलं, काय कमावलं, हे विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं तर ते विचारात घेता येईल, असं निकालातच नमूद आहे. त्याच वर्षी हार्वर्डनं आपला ऐच्छिक निबंध काढून पाच छोटे, सक्तीचे प्रश्न ठेवले. त्यांतला एक आयुष्यातल्या अनुभवांनी तुम्हाला कसं घडवलं याबद्दल. सामायिक अर्जाचा 650 शब्दांचा निबंध आहेच. आणि कोविडमध्ये ऐच्छिक केलेली एसएटी किंवा तिच्यासारखीच एसीटी ही परीक्षा देण्याची अट एमआयटीनं 2022 मध्ये, डार्टमथ आणि हार्वर्डनं 2024 मध्ये परत आणली. निबंधाचा एकही शब्द त्यामुळे कमी झालेला नाही.