ऑनलाइन दुकानात राज्यवार जीएसटी: नागपूरच्या विक्रेत्यांसाठी नोंदणी, कागदपत्रं आणि सेटिंग

मध्य प्रदेशातलं पांढुर्णा नागपूरहून जेमतेम शंभर किलोमीटर. बाजारात मराठी सर्रास चालते, लग्नाचा बस्ता बांधायला लोक नागपूरच्या इतवारीत येतात. सावंतवाडी म्हणजे महाराष्ट्राचं पार दुसरं टोक. पण जीएसटीच्या हिशेबात सावंतवाडी घरची आणि पांढुर्णा परराज्य. ऑनलाइन दुकानात कर लावण्याची सगळी गोम इथेच आहे.

नवीन दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे, ‘राज्यवार रेटची यादी कुठे मिळेल?’ अशी यादी लागतच नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून एका वस्तूचा दर देशभर एकच आहे. बदलतं ते फक्त कराचं नाव. माल महाराष्ट्रातच राहिला तर निम्मा सीजीएसटी (केंद्राचा), निम्मा एसजीएसटी (राज्याचा). राज्याबाहेर गेला तर पूर्ण आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा). करासह २१०० रुपयांची साडी धरा. मूळ किंमत २०००, ५ टक्क्यांनी कर १००. सावंतवाडीच्या बिलावर ५० अधिक ५०, पांढुर्ण्याच्या बिलावर एकरकमी १००. गिऱ्हाईक दोन्हीकडे २१००च देतं.

दर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललेत. १२ टक्क्यांचा टप्पा गेला, आता बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत बसतो. साडी कितीही महाग असो, ५ टक्के. शिवलेले कपडे नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८. संत्रा बर्फी मिठाईत येते, म्हणून ५. ताज्या संत्र्यावर कर नाही. एकाच दुकानात कुर्ते आणि साड्या दोन्ही असतील, तर १८ टक्क्यांसाठी वेगळा टॅक्स क्लास (दुकानाच्या सेटिंगमधला दराचा गट) आधीच करून ठेवा.

जीएसटी नंबर कोणाला घ्यावाच लागतो?

आपल्याकडे वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची, सेवा देणाऱ्याला २० लाखांवर. हा ४० लाखांचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि तोच गोत्यात आणतो. कारण करपात्र वस्तू राज्याबाहेर पाठवायची असेल तर ही मर्यादा उपयोगाची नाही. पांढुर्ण्याला एक पार्सल पाठवायचं तरी नंबर हवा. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना २० लाखांपर्यंत सवलत आहे, पण आपला माल त्या यादीत आहे का ते आधी तपासा.

स्वतःच्या वेबसाइटवरून फक्त महाराष्ट्रात विकणार असाल आणि उलाढाल मर्यादेच्या आत असेल, तर नंबराशिवाय चालतं. मात्र डिलिव्हरीच्या सेटिंगमध्ये बाकीची राज्यं बंद करा, नाहीतर ऑर्डर येऊन पडते आणि मग धावपळ. मोठ्या मार्केटप्लेसवरून विकायचं असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या विक्रेत्याला राज्यांतर्गत वस्तू विकायला पूर्ण नोंदणी लागत नाही, पोर्टलवर नावनोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. कंपोझिशनवाल्यांनी (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना घेतलेल्या छोट्या दुकानदारांनी) एवढंच ध्यानात ठेवावं: राज्याबाहेर विक्री नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही.

अर्ज आणि कागद

अर्ज जीएसटी पोर्टलवर, सरकारी फी शून्य. पहिल्या भागात पॅन, मोबाइल, ईमेल आणि ओटीपी. मग तात्पुरता क्रमांक मिळतो, तो १५ दिवस चालतो, तेवढ्यात दुसरा भाग भरा. मालकाचा फोटो, पॅन, आधार आणि धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. बँकेचा तपशील नंतर दिला तरी चालतो, पण ३० दिवसांच्या आत किंवा पहिलं विक्रीचं विवरण भरण्याआधी, जे आधी येईल ते.

अर्ज अडकतो तो बहुतेकदा जागेच्या पुराव्यावर. घरूनच दुकान चालतं आणि लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. अशा वेळी लाइट बिल किंवा घरटॅक्सची पावती आणि सोबत सासऱ्यांच्या सहीचं संमतीपत्र जोडा. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार. बिलावर ‘प्लॉट नं.’ असेल आणि अर्जात ‘घर क्र.’ लिहिलंत, की शंका निघते. पत्ता बिलावर आहे तसाच उतरवा.

आधार पडताळणी झाली तर एरवी सात कामकाजाच्या दिवसांत निकाल लागतो. नाही झाली किंवा अर्ज छाननीत अडकला, तर जागेची तपासणी होऊन ३० दिवसही जातात. खुलासा मागवला तर सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्या धंद्यांसाठी तीन कामकाजाच्या दिवसांची वाटही आहे. त्यासाठी नोंदणीकृत गिऱ्हाइकांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत हवा. नंबर २७ने सुरू झाला, म्हणजे महाराष्ट्राचा.

आता दुकानातलं सेटिंग

वूकॉमर्स (वर्डप्रेसच्या वेबसाइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) धरून सांगतो, कारण गल्लत तिथेच जास्त होते. त्यातल्या कराच्या दरांच्या तक्त्यात ५ टक्क्यांसाठी तीन ओळी पुरतात. पहिली: देश भारत, राज्य महाराष्ट्र, २.५, सीजीएसटी. दुसरी तशीच, पण एसजीएसटी. तिसरी: देश भारत, राज्य रिकामं, ५, आयजीएसटी. प्रायॉरिटी अनुक्रमे १, २, १.

हा प्रायॉरिटीचा रकाना किरकोळ समजू नका. एका प्रायॉरिटीला एकच ओळ लागू होते. मी लावून दिलेल्या पहिल्याच दुकानात महाराष्ट्राच्या दोन्ही ओळींना १ टाकला. बिलांवर नुसता सीजीएसटी उमटत राहिला, आठ दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही आणि राहिलेला कर दुकानदाराला खिशातून भरावा लागला. उलट आयजीएसटीला ३ दिला, तर महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला तिन्ही कर लागतात. ‘कंपाउंड’ची खूण काढलेली ठेवा, नाहीतर करावर कर चढतो. ‘शिपिंग’ची राहू द्या, कारण मालासोबत घेतलेल्या डिलिव्हरी चार्जला मालाचाच दर लागतो. छापील एमआरपीत कर धरलेलाच असतो, म्हणून ‘किंमत करासह’ निवडा.

शेवटी पत्ता. मुलगा हैदराबादला, आई नागपुरात धंतोलीत, दिवाळीला तो आईकडे बर्फी पाठवतो. बिल हैदराबादचं, डबा धंतोलीत. कर कुठला? सीजीएसटी-एसजीएसटी. नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत डिलिव्हरीचाच पत्ता धरायचा, हे जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. म्हणून ‘कॅल्क्युलेट टॅक्स बेस्ड ऑन’मध्ये शिपिंग ॲड्रेस निवडा, बिलिंग नको. चुकून दुसऱ्या नावाने कर भरला गेला, तर बरोबर नावाने आधी पुन्हा भरायचा आणि मग पहिला परत मागायचा. व्याज लागत नाही, पण पैसे अडकतात.

दुकान उघडण्याआधी तीन खोट्या ऑर्डरी टाका: सावंतवाडी, पांढुर्णा आणि बिल हैदराबाद-डिलिव्हरी धंतोली. पहिल्या आणि तिसऱ्या बिलावर कराच्या दोन ओळी दिसल्या पाहिजेत, मधल्यावर एकच.