उंदराची स्मृती आणि माणसाचा स्किझोफ्रेनिया

स्किझोफ्रेनियातील भास आणि निराधार संशय आटोक्यात आणणारी औषधे १९५२ साली वापरात आलेल्या क्लोरप्रोमाझीनपासून उपलब्ध आहेत. ती मुख्यतः मेंदूतील डोपामाइन या संदेशवाहक रसायनाच्या डी-२ ग्राहींना (पेशींवरील, ते रसायन स्वीकारणाऱ्या जागांना) अडवतात. परंतु लक्ष टिकवणे, ऐकलेले क्षणभर ध्यानात धरणे, नियम बदलला की वागणे बदलणे या क्षमतांवर त्यांचा प्रभाव फारच थोडा पडतो. भास ओसरल्यावरही अनेक रुग्णांना नोकरी करणे जड जाते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

या क्षमता सुधारू पाहणारी नवी औषधे आधी उंदरांवर तपासली जातात. उंदराला भास होतात का, हे विचारता येत नाही. स्मृती मात्र मोजता येते. प्रचलित पद्धतीत स्मृती बिघडवण्यासाठी उंदराला सात दिवस फेनसायक्लिडीन टोचतात, जे ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या एनएमडीए ग्राहींना अडवते, आणि मग ते शरीरातून निघून जावे म्हणून आणखी सात दिवस थांबतात. त्यानंतर पिंजऱ्यात दोन सारख्या वस्तू ठेवतात आणि थोड्या वेळाने त्यांतली एक बदलतात. निरोगी उंदीर नव्या वस्तूपाशी अधिक वेळ हुंगत राहतो, तर बाधित उंदीर दोन्हींना जवळजवळ सारखाच वेळ देतो. चाचणीतील औषधाने हा फरक पुन्हा दिसू लागला, तर ते आशादायक ठरते.

इथेच खरी मेख आहे. अशा औषधाने फेनसायक्लिडीनचा परिणाम पुसला, एवढेच सिद्ध होते. स्किझोफ्रेनिया मात्र गर्भावस्थेपासून तारुण्यापर्यंतच्या मेंदूच्या घडणीशी जोडलेला आजार आहे. म्हणून काही प्रयोगशाळा गाभण उंदरिणीला गर्भारपणाच्या सतराव्या दिवशी एमएएम हे गर्भाच्या मेंदूची घडण बिघडवणारे रसायन देतात आणि पिल्लांची परीक्षा ती मोठी झाल्यावर घेतात. ही वाट वेळखाऊ असली, तरी मला अधिक प्रामाणिक वाटते.

बौद्धिक क्षमतांसाठीचे, प्राण्यांमध्ये उमेद दाखवलेले एन्सेनिक्लीन हे औषध माणसांवरील चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात २०१६ साली अपयशी ठरले आणि आयक्लेपर्टिन हे दुसरे औषध २०२५ मध्ये. दोष केवळ उंदरांचा नव्हे. चाचणीतील रुग्ण आधीपासून मनोविकारविरोधी औषधे घेत असतात, अनेकजण धूम्रपानही करतात (एन्सेनिक्लीन निकोटिनच्याच एका ग्राहीवर काम करते, हे इथे महत्त्वाचे), आणि त्यांची परीक्षा सात वेगवेगळ्या बौद्धिक क्षमतांवर घेतली जाते. उंदराला मात्र बहुतेकदा एकटे नवे औषध देऊन काही मिनिटांच्या हुंगण्यावर निकाल लावला जातो. पडद्यावरील चित्राला नाकाने स्पर्श करून उत्तर द्यायला उंदरांना शिकवणाऱ्या चाचण्या आता वापरात आहेत, कारण जवळपास तेच कोडे रुग्णालाही घालता येते; मात्र त्या उंदरांना रुग्ण घेतात ती नेहमीची औषधेही सोबत द्यायला हवीत.