सेकंड इयरचा पोरगा आणि तीन डिपार्टमेंटं

मानसशास्त्रातला कुठलाही जुना पेपर उघडा, प्रयोगात कोण होतं ते सांगणारा एक छोटा परिच्छेद असतो, आणि त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट लिहिलेली सापडते, की अमुक इतके विद्यार्थी, सगळे मानसशास्त्राच्या पहिल्या कोर्सला बसलेले, आले म्हणून क्रेडिट मिळालं. झालं. त्यापुढची वीस पानं मात्र "माणूस" कसा विचार करतो, "माणूस" कशाला घाबरतो यावर. हा माणूस म्हणजे नेमका तो पोरगा, रात्री उशिरा झोपलेला, तासाला दांडी मारता येत नाही म्हणून आलेला. तो तिथं येऊन कसा बसला हे बघायचं तर थोडं मागं जावं लागतं, आणि मागं गेलं की मानसशास्त्र असं वेगळं डिपार्टमेंटच सापडत नाही, सापडतात तत्त्वज्ञानवाले आणि बेडूक कापणारे शरीरशास्त्रवाले.

तत्त्वज्ञानाकडून कांटनं १७८६ मध्ये सांगून टाकलं होतं की मनाचं शास्त्र खऱ्या अर्थानं विज्ञान होणार नाही, कारण त्याला गणित लावता येत नाही. तिकडे शरीरशास्त्रात योहानेस म्युलर म्हणायचा की मज्जातंतूतला संदेश इतका झटकन जातो की त्याचा वेग मोजता येणं अशक्यच. मग त्याच्याच विद्यार्थ्यानं, हेल्महोल्ट्झनं, १८५० मध्ये बेडकाच्या पायावर तो मोजला आणि तो निघाला सेकंदाला साधारण २७ मीटर. म्हणजे धावत्या रेल्वेइतकाच. माझ्या मते हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा धक्का आहे, कारण त्या क्षणी "विचार करायला वेळ लागतो" हे नुसतं बोलणं राहिलं नाही, घड्याळ लावण्याची गोष्ट झाली.

ह्याच हेल्महोल्ट्झचा असिस्टंट होता विल्हेल्म वुंट, शिक्षणानं डॉक्टर. लाइपझिगला त्याला १८७५ मध्ये नोकरी मिळाली ती तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची, १८७९ मध्ये त्यानं तिथं लॅब सुरू केली जिला सगळे पहिली मानसशास्त्राची लॅब म्हणतात, आणि तिथले प्रयोग छापायला जे जर्नल काढलं त्याचं नाव ठेवलं चक्क 'तत्त्वज्ञानविषयक अभ्यास'. आत काय, तर रिॲक्शन टाइमचे आकडे!

त्या लॅबमध्ये प्रयोगाला बसायचं कोण, हा भाग मला फार आवडतो. पोरंच, पण वेगळ्या मानानं. एक जण खुर्चीत बसायचा, दिवा लागला किंवा ठोका ऐकू आला की बटण सोडायचा, दुसरा सेकंदाचा हजारावा भाग दाखवणाऱ्या क्रोनोस्कोपचा आकडा लिहून घ्यायचा, आणि मग जागा बदलायच्या. वुंट स्वतःसुद्धा बसायचा. खुर्चीत बसणं हे जास्त जबाबदारीचं काम मानलं जायचं कारण स्वतःच्या मनात काय झालं ते नीट सांगता येणं ही शिकायची गोष्ट होती, त्यामुळे पेपरात त्यांची ओळख नावानं किंवा आद्याक्षरांनी यायची. एबिंगहाउस ह्या दुसऱ्या एका जर्मन मानसशास्त्रज्ञानं तर दुसऱ्या कुणाला बोलावलंच नाही, अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करत बसला आणि १८८५ मध्ये विसरण्यावरचं पुस्तक काढलं. नमुना संख्या एक!

ह्या सगळ्याला तत्त्वज्ञानवाले वैतागलेही. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या जागा हे घड्याळवाले अडवतात म्हणून १९१३ मध्ये जर्मन भाषेत शिकवणाऱ्या १०७ तत्त्वज्ञांनी सह्या करून निवेदन दिलं की बाबांनो, तुमच्यासाठी वेगळ्या जागा काढा. गंमत म्हणजे म्हातारा वुंट ह्या वाटणीच्या विरोधात होता, त्याचं म्हणणं तत्त्वज्ञानापासून तोडलं तर मानसशास्त्र नुसतं कारागिरांचं काम होईल. डिपार्टमेंटचं राजकारण तेव्हाही असंच होतं म्हणायचं.

अमेरिकेत विल्यम जेम्स, तोही डॉक्टर, हार्वर्डला आधी शरीरशास्त्र शिकवायचा, मग मानसशास्त्र, मग तत्त्वज्ञान, म्हणजे तिन्ही विषय एकाच माणसाच्या पगारात. त्याच्याकडे शिकलेली मेरी कॉकिन्स, पीएचडीचं सगळं काम पूर्ण केलेलं, तरी बाई आहे म्हणून हार्वर्डनं डिग्री दिली नाही, आणि पुढे १९०५ मध्ये तीच अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची अध्यक्ष झाली. डिग्री शेवटपर्यंत नाही ती नाहीच.

पण खुर्चीतल्या पोराचं नाव गायब व्हायला लागलं ते वुंटच्याच एका विद्यार्थ्यामुळे. जेम्स मॅकीन कॅटेलनं अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात १८९४ पासून नव्यानं ॲडमिशन घेतलेल्या पोरांना ओळीनं चाचण्या द्यायला सुरुवात केली, हाताची पकड किती, रिॲक्शन किती जलद, आकडे किती लक्षात राहतात, कल्पना ही की ह्यातून बुद्धी मोजता येईल. १९०१ मध्ये क्लार्क विसलरनं हे आकडे त्या पोरांच्या मार्कांशी लावून बघितले, तर संबंध जवळपास शून्य. उलट जिमच्या तासाचे मार्क बाकीच्या मार्कांशी जास्त जुळत होते. कॅटेलच्या चाचण्या तिथंच बसल्या, पण सवय राहिली, की पोरं घाऊक घ्यायची, सरासरी काढायची, नावाची गरज नाही.

त्याच काळात दुसऱ्या बाजूनं बायोलॉजी आली, पांढऱ्या उंदराच्या रूपात. जॉन वॉटसननं १९०३ मध्ये उंदरांवर पीएचडी केली आणि १९१३ मध्ये जाहीर केलं की मनात डोकवायचं बंद करा, फक्त वागणं बघा. एकदा मनात डोकवायचं नाही म्हटल्यावर खुर्चीतल्या पोराला विचारायचं तरी काय, तोही उंदरासारखाच झाला, फरक इतकाच की त्याला पिंजऱ्यात ठेवायचा खर्च नाही. १९४६ मध्ये क्विन मॅकनेमारनं टोमणा मारलाच, की आपलं मानवी वर्तनाचं शास्त्र म्हणजे बहुतांशी सेकंड इयरच्या पोरांच्या वर्तनाचं शास्त्र आहे.

आता एवढं सगळं असलं तरी कॅम्पसवर झालेलं सगळंच काम उथळ होतं असं मी म्हणणार नाही, कारण काही लोकांनी कॅम्पसलाच विषय केला. एमआयटीत युद्धानंतर लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी घरं बांधली होती, तिथं मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर आणि मंडळींनी मैत्री कशी जमते ते बघितलं, १९५० मध्ये छापलं. कोणाला कुठलं घर मिळेल हे नंबर लागेल तसं, त्यामुळे आवडीनिवडीचा प्रश्न नाही. तर एका मजल्यावर शेजारच्या दाराचा माणूस मित्र म्हणून सांगितला जाण्याचं प्रमाण ४१ टक्के, एक दार सोडून पलीकडच्याचं २२, आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला १०. अंतर तरी किती, काही पावलं! जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख जास्त. हॉस्टेलला राहिलेल्या कुणालाही हे पटेल, आपले जिवलग मित्र रूम अलॉटमेंटनं ठरवलेले असतात.

ह्याच फेस्टिंगरचा १९५९ चा स्टॅनफर्डमधला प्रयोग जास्त गाजला. पहिल्या कोर्सच्या पोरांना ठरावीक तास प्रयोगाला बसणं सक्तीचं होतं. त्यांना अर्धा तास ट्रेमध्ये रिळं भरायला आणि काढायला लावली, पुढचा अर्धा तास ४८ खुंट्या पाव-पाव फिरवायला, आणि मग बाहेर बसलेल्या मुलीला सांगायला लावलं की फार मजा येते, त्याबद्दल कुणाला १ डॉलर तर कुणाला २०. १ डॉलरवाल्यांनाच नंतर ते काम खरंच बरं वाटायला लागलं, आपण एवढ्याशा पैशासाठी खोटं बोललो हे पचवायला. ७१ जणांपैकी ११ जणांचे आकडे वगळावे लागले, काहींना संशय आला, काहींनी खरं सांगून टाकलं, आणि १ डॉलरवाल्या एकानं थेट त्या मुलीचा फोन नंबर मागितला, म्हणे नंतर समजावून सांगतो. सरासरीत न बसणारा हा पोरगा मला सगळ्यात खरा वाटतो.

बायोलॉजीवालेही मागं नव्हते. १९९८ मध्ये ११ डेंटल विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम दोनदा केली, एकदा उन्हाळी सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, एकालाही लवकर भरली नाही. इथं मात्र विद्यार्थीच हवे होते, कारण कॅलेंडरवर तारीख ठरलेलं टेन्शन दुसरीकडे कुठं मिळणार.

आणि तत्त्वज्ञान? ते शंभर वर्षं आरामखुर्चीत बसून "आपल्या सर्वांना असंच वाटतं ना" म्हणत राहिलं. २००१ मध्ये वाइनबर्ग, निकोल्स आणि स्टिच ह्या तत्त्वज्ञांनी "आपल्या सर्वांना" म्हणजे कोणाला, हे विचारायला अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका वाटल्या, ज्ञान म्हणजे काय ह्यावरच्या गाजलेल्या कोड्यांच्या. वेगवेगळ्या संस्कृतींतून आलेल्या पोरांची उत्तरं वेगळी आली आणि मोठी खळबळ उडाली, पण पुढे मोठ्या नमुन्यावर तो फरक टिकला नाही. म्हणजे १९१३ मध्ये मानसशास्त्रापासून घटस्फोट मागणारं घर शेवटी त्याच पोराच्या दारात आलं. जोशुआ नोब ह्या तत्त्वज्ञानं २००३ मध्ये निदान मॅनहॅटनच्या बागेतल्या लोकांना गाठलं, तेवढीच हवा बदलली.

२०१० मध्ये हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन ह्यांनी हिशोबच मांडला, की मानसशास्त्राच्या संशोधनातली ९६ टक्के माणसं ज्या देशांतली आहेत तिथं जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. ह्यातलं साधं उदाहरण म्हणजे टोकाला बाण असलेल्या सारख्याच लांबीच्या दोन रेषा, बाणांच्या दिशेमुळे एक लांब वाटते, एक आखूड. हे डोळ्याचं जीवशास्त्र आहे असंच सगळे धरून चालले होते, पण कलहारीतल्या सान लोकांना तो भास जवळजवळ होतच नाही, आणि सगळ्यात जास्त फसलेल्यांत अमेरिकन कॉलेजचे विद्यार्थी.

डिपार्टमेंटांमधली एक जुनी समजूत राहिलीच. प्रयोग फसला की प्रोफेसर म्हणायचे, सेमिस्टरच्या शेवटी घेतला ना, शेवटी येतात ती सगळी कंटाळलेली, क्रेडिट पूर्ण करायला आलेली पोरं. २०१६ मध्ये हेही तपासून झालं, २० ठिकाणचे विद्यार्थी, १० माहितीतले परिणाम, सेमिस्टरच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत. वेळेनं फारसा फरक पडला नाही. त्या दहातले तीनच परिणाम पुन्हा सापडले.