आत्याचं इन्सुलिन वेगळं, डॉक्टरांचं वेगळं

"गोळ्या कितीही वाढवा, पण इंजेक्शन नको." आमच्या आत्याने हे तीन वर्षं लावून धरलं होतं. एचबीएवनसी ९.८, म्हणजे बरंच वाढलेलं (तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्यात त्यांना किती साखर चिकटली ते मोजलं की दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर कळते). डॉक्टर दरवेळी त्या आकड्याभोवती पेनाने गोल काढायचे आणि ही मान डोलवून घरी यायची, की पुन्हा तेच.

आता हिला अडाणी म्हणणं सोपंय. पण तिचा हिशोब बघा ना. सासऱ्यांना इन्सुलिन लागलं आणि सहा महिन्यांत पायाचं बोट कापावं लागलं, शेजारच्या काकूंना लागलं आणि वर्षभरात डायलिसिस. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सगळं. गडबड एवढीच की दहा-पंधरा वर्षं शुगर वाढलेली राहून नसा आणि किडनी आधीच पोखरल्या गेलेल्या, इन्सुलिन आलं ते अगदी शेवटी, आणि नाव खराब झालं त्याचं. वर आपले काही डॉक्टरच "पथ्य पाळलं नाही तर इन्सुलिन लावीन हां" असा दम देतात, मग ती शिक्षा वाटणारच!

डॉक्टरांच्या डोक्यात मात्र वेगळंच चित्र असतं. टाइप टू डायबेटिसमध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी वर्षानुवर्षं थकत जातात, त्यामुळे कधीतरी गोळ्या पुरेनाशा होऊ शकतात, यात पेशंटचा गुन्हा काही नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९८ साली आले, त्यात गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने शुगर कडक ताब्यात ठेवलेल्यांमध्ये डोळे-किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसले. म्हणजे आत्या ज्याला घाबरत होती, तेच टाळायला डॉक्टर इन्सुलिन देत होते.

हार्वर्डचे आर्थर क्लाइनमन, मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ दोन्ही, त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९७८ मध्ये हेच मांडलं, की डॉक्टर बघतो तो शरीरातला रोग आणि पेशंट जगतो ते आजारपण, या दोन गोष्टी आहेत. त्यांनी डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले होते. हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? आत्ताच का सुरू झालं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? ओपीडीत पाच मिनिटं मिळतात तिथे हे कुठे विचारणार, हे मान्य. पण तीन वर्षं गोल काढण्यात गेली त्याचं काय?

शेवटी एका नवीन डॉक्टरीणबाईंनी भीतीचा प्रश्न विचारला. सासऱ्यांच्या बोटाचा विषय निघाला, आणि मग हळूच, "वारीत फ्रिज कुठून आणू?" आत्या दरवर्षी पंढरपूरला चालत जाते हे केसपेपरवर कुठेच नव्हतं! बाईंनी सांगितलं की वापरायला काढलेलं इन्सुलिनचं पेन (पेनासारखं इंजेक्शन) बहुतेक कंपन्यांचं ३० डिग्रीच्या आत साधारण ४ आठवडे फ्रिजबाहेर चालतं, उन्हाळ्यात पाण्याच्या मडक्याशेजारी गारव्याला ठेवायचं. आणि मग त्यांनीच विचार बदलला, कारण दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणं आणि त्यात नवीन इन्सुलिन, शुगर एकदम खाली जायची भीती. ठरलं की वारीनंतर सुरू करायचं.

एकादशी झाली, पुढच्याच आठवड्यात तिने पहिलं इंजेक्शन घेतलं आणि मला फोन केला, मडकं काळं घेऊ की लाल?