लोखंडाला गोंद लावायची गोष्ट

माझे मामा गोदीत वेल्डर होते. जहाजाला तडा गेला की त्यांच्या लेखी इलाज एकच, खराब पत्रा गॅसने कापा, नवा बसवा आणि वेल्डिंग मारा. त्या तड्यावर कापडाची पट्टी चिकटवतात असं कोणी सांगितलं असतं तर हातातला कटिंग चहा सांडेपर्यंत हसले असते. पण ही भानगड पन्नास वर्षं जुनी आहे आणि सुरू झाली ती जहाजात नाही, विमानात.

1970च्या दशकात ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या हर्क्युलिस या मालवाहू विमानांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांत तडे सापडायला लागले. आता त्यावर पत्रा रिव्हेट करायचा म्हणजे अजून भोकं पाडायची, आणि भोक म्हणजे पुढच्या तड्याला आमंत्रणच. मेलबर्नच्या सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅलन बेकर यांनी इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदात बसवलेल्या बोरॉन फायबरचे पातळ थर वरून चिकटवले. कार्बन फायबर का नाही वापरला? कार्बनमधून वीज वाहते, तो धातूला टेकला आणि मध्ये खारी ओल शिरली की बॅटरीच तयार होते आणि धातू झिजत जातो. स्टीलवर कार्बन लावताना म्हणूनच आजही मध्ये ग्लास फायबरचा एक थर देतात.

पुढे 1990च्या दशकात त्याच देशाच्या नौदलाने फ्रिगेट या युद्धनौकांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वरच्या बांधकामातले तडे कार्बनने झाकले. स्टीलचा नंबर मात्र उशिरा लागला आणि त्याला कारण आहे, स्टील मुळातच भयंकर ताठ. त्याचा ताठपणा साधारण 200 गिगापास्कल, नेहमीच्या कार्बन पट्टीचा 165च्या आसपास, मग पट्टी भार उचलणार कसा? एकतर ती जाड करा, नाहीतर जास्त ताठ आणि महागडा कार्बन आणा, नाहीतर आधी ताणून मग बसवा.

काँक्रीटला ही अडचण नाही, म्हणून पुलांमध्ये पहिलं नाव तिथेच झालं. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर सिग्नलसाठी ड्रिलिंग करताना आतली ताणलेली केबल तुटली. 1991मध्ये तिथे 175 किलो स्टीलऐवजी फक्त 6.2 किलो कार्बनच्या पट्ट्या लावल्या, परांचीसुद्धा बांधावी लागली नाही! इंग्लंडमध्ये तर 1810चा ओतीव लोखंडाचा टिकफर्ड पूल 1999मध्ये असाच मजबूत केला, कारण ओतीव लोखंडाला वेल्डिंग मानवत नाही, गरम केलं की तडकतं.

जहाजवाल्यांचं दुखणं वेगळंच, आग. टँकरवर ठिणगी पाडायची म्हणजे आधी टाकी रिकामी, मग धुणं, मग गॅस फ्री सर्टिफिकेट, हॉट वर्क परमिट, पलीकडे पाण्याचा होज घेऊन उभा असलेला माणूस, हे सगळं झाल्यावर वेल्डिंग. समुद्रात वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहून तेल साठवणारी जहाजं तर ड्राय डॉकला, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, यायचंच नाव घेत नाहीत, त्यांना पट्टी सोयीची पडली, आणि 2012मध्ये डीएनव्ही या नॉर्वेच्या संस्थेने स्टीलवरच्या चिकटवलेल्या दुरुस्तीसाठी शिफारशी काढल्या.

मग आपल्या मुंबईतला 1879चा हँकॉक पूल 2016मध्ये आणि 1868चा कर्नाक पूल 2022मध्ये पाडला, त्यांना पट्टी का नाही लावली असं कोणी विचारेल. मला नाही वाटत तेवढ्याने भागलं असतं. पट्टी तडा आवरते, गंजून पापुद्रे सुटलेल्या गर्डरला ती धरणार कशाला?

आणि खरी मेख फायबरमध्ये नाहीच, गोंदात आहे. साइटवर साध्या हवेत सुकणारं इपॉक्सी साधारण 50-60 अंशांना मऊ पडायला लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हातल्या लोखंडाला हात लावून बघा. शिवाय पट्टीआधी ब्लास्टिंग, म्हणजे खरबरीत कणांचा जोरात मारा, करून स्टील पांढरं करावं लागतं, पण भाऊच्या धक्क्यासारख्या खाऱ्या हवेत तेच स्टील काही तासांत लालसर पडतं. म्हणून अशा कामाला भोवती तंबू ठोकतात, आत हवा कोरडी करणारी मशीन लावतात, आणि ब्लास्टिंगवाला बाहेर आला की लगेच गोंदवाला आत जातो.