वाईट स्वप्न आणि नाइट टेरर: आधी घड्याळ बघा

वाईट स्वप्न काय असतं, ते कुणाला सांगायला नको. मागे कुणी लागलंय आणि पाय उचलत नाहीत, पेपर सुरू झालाय आणि पेन सापडत नाही. बहुतेक वेळा पहाटेकडे जाग येते आणि काय पाहिलं ते सगळं आठवतं.

घोटाळा होतो तो लहान मुलांच्या बाबतीत. नऊला झोपलेलं पाच वर्षांचं मूल साडेदहाला ताडकन उठून बसतं, किंकाळी फोडतं. डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेलं, आई जवळ घ्यायला गेली तर तिलाच ढकलतं. याला सर्रास 'भयंकर स्वप्न पडलं' म्हणतात. ते नाइट टेरर असतं, आणि त्यामागे बहुधा स्वप्नच नसतं.

गाढ झोप रात्रीच्या पहिल्या टप्प्यात जास्त असते. तिच्यातून मेंदू अर्धवटच जागा झाला की शरीर ओरडतं, हातपाय झाडतं, पण मूल झोपेतच राहतं. ठळक स्वप्नं पडतात ती रेम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत. ही झोप पहाटेकडे वाढत जाते आणि तिच्यात हातापायांचे स्नायू जवळजवळ निकामी असतात. म्हणून झोपल्यापासून पहिल्या तीनेक तासांतली किंकाळी, आईचीही ओळख नाही आणि सकाळी काहीच आठवत नाही, हे तिन्ही जुळलं तर ते नाइट टेरर समजा.

अशा मुलाला सकाळी 'काय दिसलं रे?' म्हणून खोदून विचारणं कृपा करून थांबवा. त्याला बहुधा काहीच दिसलेलं नसतं. तुम्ही विचारता म्हणून ते काहीतरी रचून सांगू शकतं आणि झोपायलाच घाबरू शकतं. वाईट स्वप्नातून मनातली काळजी कळू शकते. नाइट टेररवरून बहुतेकदा एवढंच कळतं, की झोप अपुरी झाली आहे, ताप आहे किंवा लघवी लागली आहे. घरात कुणी झोपेत चालणारं असेल तर शक्यता वाढते.

त्या वेळी गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. त्याने झटापट वाढते. पडणार नाही, लागणार नाही एवढं बघा. बहुतेकदा पाच-दहा मिनिटांत मूल आपोआप शांत झोपतं. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्या वेळेच्या १५ ते ३० मिनिटं आधी हलकेच जागं करा, लघवीला नेऊन परत झोपवा. असं दोन ते चार आठवडे करा. झोपण्याची वेळही अर्ध्या तासाने अलीकडे आणा. किशोरवयापर्यंत हे सहसा आपसूक थांबतं.

वाईट स्वप्नाचं उलट आहे: तिथे मूल पूर्ण जागं असतं, त्याला कुशीत घ्या, बोलू द्या. तेच स्वप्न वारंवार पडत असेल तर दिवसा त्याचा शेवट बदलून चित्र काढायला सांगा.

नाइट टेरर एका रात्रीत अनेकदा झालं, अंग ताठ होऊन एका लयीत झटके आले किंवा मूल घोरत असताना श्वास अडकला, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. फिट आणि सुजलेले टॉन्सिल या दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.